धुरातील नत्र : विषापासून खतापर्यंत

स्मरणिकेसाठी काहीतरी अभ्यासपूर्ण लिहा, असा आग्रह संस्थेच्या चिटणीसांनी केला तेव्हा आम्ही विषय निवडला तो धुराचा. आम्ही पदवीधर कला शाखेचे आणि नोकरी बँकेतील. रसायनशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. तथापि जमाखर्च कसा वाचावा हे नोकरीने आम्हांस शिकवले आहे, आणि रसायनशास्त्र हेही एका अर्थी जमाखर्चाचेच शास्त्र होय. समीकरणाच्या डाव्या बाजूला जेवढे अणू तेवढेच उजव्या बाजूला. एकही अणू कमी नाही, एकही जास्त नाही. आपल्या अभ्यासिकेतील विद्यार्थ्यांनी हा लेख त्याच दृष्टीने वाचावा, अशी आमची विनंती आहे.

खताच्या गोणीवर १५:१५:१५ असे आकडे छापलेले असतात. शेतकरी बंधूंना त्यांचा अर्थ ठाऊक असतो : नत्र, स्फुरद आणि पालाश. यातील पहिले जे नत्र, म्हणजेच नायट्रोजन, ते आपल्या सभोवतालच्या हवेत शंभरातील अठ्ठ्याहत्तर भाग भरलेले आहे. मग जे फुकट आणि अमाप आहे तेच शेतकऱ्याला पैसे मोजून विकत का घ्यावे लागते? कारण हवेतील नत्राचे अणू जोडीजोडीने राहतात आणि प्रत्येक जोडी तिहेरी बंधाने बांधलेली असते. हा बंध तोडण्यास एका मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. पिकाच्या मुळांना हे काम जमत नाही. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जीवाणूंना ते जमते, आकाशातील विजेला जमते आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसालाही जमू लागले आहे. हवेतील नत्र म्हणजे मुदत ठेवीत अडकलेली रक्कम. आहे आपलीच, पण मुदतीपूर्वी मोडायची तर दंड भरावा लागतो. येथे दंड ऊर्जेचा आहे.

आता धुराकडे वळू. इंजिनात, भट्टीत किंवा बॉयलरमध्ये इंधन जळते तेव्हा तेथील तापमान इतके वाढते की हवेतील नत्राची जोडी फुटून तिचा प्राणवायूशी संयोग होतो. त्यातून प्रथम नायट्रिक ऑक्साइड हा रंगहीन वायू तयार होतो. बाहेरच्या हवेत तो आणखी प्राणवायू घेऊन नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. हा तांबूस तपकिरी रंगाचा आणि उग्र वासाचा असतो. या दोहोंना मिळून नत्राची ऑक्साइडे म्हणतात. कोळशात आणि तेलात मुळातच थोडे नत्र असते, तेही यात भर घालते.

आज आपण ज्याला प्रदूषक म्हणतो तोच वायू एके काळी माणसाने मुद्दाम कारखाने काढून तयार केला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. हवेत विजेच्या ठिणग्या पाडल्या तर नत्र आणि प्राणवायू यांचा संयोग होतो, हे हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७८५ मध्येच दाखवून दिले होते. सव्वाशे वर्षांनी नॉर्वे देशात क्रिस्तियन बिर्केलंड हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आणि साम आइडे हा अभियंता यांनी त्याचा धंदा केला. नॉर्वेत धबधबे पुष्कळ, त्यामुळे वीज स्वस्त. १९०३ मध्ये दोघे एकत्र आले आणि १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. नोटोडेन आणि नंतर र्युकान या गावी विजेच्या प्रचंड ज्योतीतून, तीन हजार अंशांच्या आसपासच्या उष्णतेतून, हवा सोडली जाई. हवेचा जेमतेम एक ते दोन टक्के भाग नायट्रिक ऑक्साइड होऊन बाहेर पडे. तो पाण्यात जिरवून नायट्रिक आम्ल आणि त्यात चुनखडी घालून कॅल्शियम नायट्रेटचे खत केले जाई. ‘नॉर्वेचा सोरा’ या नावाने ते युरोपात विकले गेले.

हा धंदा फार काळ टिकला नाही, कारण तो वीज फार खात असे. जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने १९०९ मध्ये नत्र आणि हायड्रोजन यांपासून थेट अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉश याने १९१३ मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. चारशे ते पाचशे अंश सेल्सिअस तापमान, दीडशे-दोनशे वातावरणांचा दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक, अशी ती कृती होय. (हाच हाबर १९१५ मध्ये ईप्र येथील रणांगणावर क्लोरीन वायू सोडण्याच्या कामी पुढे होता आणि १९१८ सालचे नोबेल पारितोषिकही त्यालाच मिळाले. शास्त्रज्ञांची चरित्रे वाचताना दोन्ही पाने वाचावीत.) आज जगात वर्षाला अठरा कोटी टनांच्या आसपास अमोनिया तयार होतो, तो जवळजवळ सगळा याच कृतीने. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे दोन टक्के ऊर्जा या एका पदार्थापायी खर्च होते.

म्हणजे एका बाजूला आपण एवढा खर्च करून नत्राची जोडी तोडतो. दुसऱ्या बाजूला प्रत्येक मोटार, ट्रक, डिझेल जनरेटर आणि बॉयलर तीच जोडी आपोआप तोडतो आणि ते फुटलेले नत्र धुराड्यातून वर सोडून देतो. नायट्रिक ऑक्साइडमध्ये नत्राचा एकच अणू असतो. नत्र-नत्र हा सर्वांत कठीण बंध तेथे शिल्लकच नसतो. त्याच्या जागी जो नत्र-प्राणवायू बंध असतो तो सुमारे ६३० किलोज्यूलचा, म्हणजे बराच सैल. दंड आधीच भरला गेला आहे. रक्कम मात्र कोणी उचलत नाही.

उचलली न गेलेली ही रक्कम निरुपद्रवी पडून राहिली असती तर बोलण्याचे कारण नव्हते. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेचा दाह करतो, दमा वाढवतो आणि लहान मुलांच्या फुप्फुसांना विशेष त्रास देतो. सूर्यप्रकाशात हीच ऑक्साइडे इंधनाच्या वाफांशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या धुरक्याचे हे कारण आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात शोधून काढले. पावसात मिसळून यांचेच नायट्रिक आम्ल होते. आपल्या देशाने २००९ मध्ये हवेतील नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी मर्यादा एका घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेनेही पूर्वी ४० हाच आकडा दिला होता. २०२१ मध्ये तिने तो १० वर आणला. रस्त्याकडेला ज्यांची घरे आहेत, चौकात ज्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात, भट्टीपुढे ज्यांची पाळी लागते, त्यांच्या वाट्याला हा वायू इतरांपेक्षा अधिक येतो हे सांगण्यासाठी संशोधकाची गरज नाही.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे मात्र योग्य होणार नाही. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक बसवणे सक्तीचे झाले. त्यातील ऱ्होडियम या मौल्यवान धातूवर नायट्रिक ऑक्साइड फुटून नत्र वेगळे होते. औष्णिक वीज केंद्रांसाठी नत्र ऑक्साइडांच्या मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये घालून देण्यात आल्या. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले आणि नव्या ट्रक-बसगाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी आली. तिच्यात युरियाचे ३२.५ टक्के द्रावण भरतात. गरम धुरात युरियाचा अमोनिया होतो, उत्प्रेरकावर अमोनिया आणि नायट्रिक ऑक्साइड यांची गाठ पडते आणि दोघांचे मिळून साधे नत्र व पाणी बनते. हवा स्वच्छ होते हे खरे.

पण येथे जमाखर्च पाहा. नायट्रिक ऑक्साइडच्या एका रेणूसाठी अमोनियाचा एक रेणू खर्ची पडतो. तो अमोनिया कोठून आला? कारखान्यात नैसर्गिक वायू जाळून, चारशे अंशांवर, प्रचंड दाबाखाली नत्राची जोडी तोडून. आणि ट्रकच्या धुराड्यात शेवटी काय तयार झाले? पुन्हा तीच नत्राची जोडी! इंजिनाने फोडलेले नत्र आणि कारखान्याने फोडलेले नत्र, दोन्ही परत हवेत जमा. विष गेले, परंतु दोन्हीकडील मेहनत अक्कलखाती गेली. नायट्रिक ऑक्साइडचे नत्र न करता सरळ अमोनियाच करता आला तर? हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर विद्युत-उत्प्रेरण या शास्त्रात शोधले जात आहे.

विद्युत-उत्प्रेरण हा शब्द जड वाटला तरी वस्तू ओळखीची आहे. एक ग्रॅम सोन्याचे दागिने बाजारात मिळतात. त्यावरचा मुलामा विजेने चढवलेला असतो. द्रावणात दोन धातूच्या पट्ट्या बुडवायच्या आणि त्यांना बॅटरी जोडायची. एक पट्टी धनाग्र, दुसरी ऋणाग्र. ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि द्रावणातील पदार्थ ते उचलतो. जो उचलतो त्याचे क्षपण झाले असे म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता क्रियेला वाट करून देणारा पदार्थ. ऋणाग्राचा पृष्ठभागच जर असा निवडला की त्यावर हवी ती क्रिया सोपी व्हावी आणि नको ती कठीण, तर ते झाले विद्युत-उत्प्रेरण.

या शास्त्राचा पाया ज्याने घातला तो मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा होता. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते. चौदाव्या वर्षी तो लंडनमधील एका पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तकेच वाचू लागला. १८१२ मध्ये त्याने हम्फ्री डेव्ही याची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य लिहून, बांधून डेव्हीकडेच पाठवली आणि पुढल्या वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून नोकरी मिळवली. किती विजेने किती पदार्थ तयार होतो याचे त्याचे नियम १८३३-३४ मधील आहेत. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलंब. हा आकडा आजही फॅरडेच्याच नावाने ओळखला जातो. आम्हांस हे नियम वाचताना कॅशिअरची आठवण झाली. खिडकीतून जेवढे इलेक्ट्रॉन दिले तेवढ्याचीच वस्तू मिळणार, उधारी नाही.

नायट्रिक ऑक्साइडच्या बाबतीत ही मोजणी फार बोधप्रद आहे. त्याच्या एका रेणूला एकच इलेक्ट्रॉन मिळाला तर नायट्रस ऑक्साइड तयार होतो. हा हसवणारा वायू म्हणून प्रसिद्ध असला तरी वातावरण तापवण्याच्या कामी कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे. म्हणजे एका पीडेतून दुसरी. दोन इलेक्ट्रॉन मिळाले तर साधे नत्र. तीन मिळाले तर हायड्रॉक्सिलअमाइन, ज्याच्यापासून कॅप्रोलॅक्टम आणि पुढे नायलॉनचा धागा करतात. पाच मिळाले तर अमोनिया. पदार्थ तोच, वीज तीच. किती इलेक्ट्रॉन पदरात पडतात त्यावर विष, हवा, धागा की खत हे ठरते. आणि ते पदरात पाडणे हे उत्प्रेरकाचे काम.

येथे तांबे उपयोगी पडते. प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूवर पाण्यातील हायड्रोजन फार सहज सुटतो, त्यामुळे दिलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजनचे बुडबुडे करण्यातच संपतात. तांब्यावर हायड्रोजन तितका सहज सुटत नाही आणि नायट्रिक ऑक्साइडचा रेणू मात्र बेताचा चिकटतो. फार घट्ट चिकटला तर तो हलणार नाही, फार सैल चिकटला तर अर्धवट क्षपण होऊन निसटेल. चीनमधील दालियान येथील संशोधकांनी २०२० मध्ये स्पंजासारख्या सच्छिद्र तांब्यावर शुद्ध नायट्रिक ऑक्साइड सोडून पाहिला, तेव्हा दिलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक अमोनियाच्या खात्यात जमा झाले. या टक्केवारीलाही फॅरडे कार्यक्षमता असेच नाव आहे.

दुसरा मार्ग थोडा वळणाचा आहे. नत्राची ऑक्साइडे आधी पाण्यात किंवा अल्कलीत जिरवून नायट्रेट आणि नायट्राइट करायचे आणि मग त्या द्रावणाचे क्षपण करायचे. नायट्रेटला आठ इलेक्ट्रॉन लागतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठात हाओतियान वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कार्बनवर लोखंडाचे सुटे सुटे अणू बसवून नायट्रेटपासून अमोनिया करताना सुमारे ७५ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०२२ मध्ये तांब्याच्या सूक्ष्म तारांत रुथेनियमचे विखुरलेले अणू घालून त्यांनी सांडपाण्यातील दहा लाखांत दोन हजार भाग एवढे नायट्रेट पन्नास भागांच्या खाली आणले, आणि कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या वरच राहिली. ज्या गावांतील विहिरींचे पाणी नायट्रेटमुळे पिण्यास अयोग्य ठरले आहे तेथील वाचकांच्या हे लक्षात येईल. आपल्याकडील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

एक मौजेची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पुष्कळ प्रयोगशाळा हवेतील साध्या नत्रापासूनच विजेने अमोनिया करण्याचा प्रयत्न करीत होत्या आणि बरेच जण यश मिळाल्याचे जाहीरही करीत होते. तेव्हा डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जड नत्राची खूण वापरून तपासणीची कडक पद्धत घालून दिली. २०२० च्या सुमारास असेही स्पष्ट झाले की अनेक प्रयोगांत सापडलेला अमोनिया हवेतील नत्रापासून झालेलाच नव्हता. सिलिंडरमध्ये अशुद्धी म्हणून किंचित असलेली नत्राची ऑक्साइडेच अमोनिया बनून बसली होती. इतकी ती या क्रियेला तत्पर! खतावणीत अफरातफर नसतानाही ताळेबंद कसा फसवू शकतो याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आढळले नाही. पुढे काहींनी त्या अशुद्धीलाच मुख्य रस्ता केला. ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि न्यू साउथ वेल्स या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२१ मध्ये पाण्यातील बुडबुड्यांत विजेचा प्लाझ्मा पेटवून हवेपासून नत्राची ऑक्साइडे केली आणि तांब्याच्या तारांवर त्यांचा अमोनिया केला. बिर्केलंडची ज्योत अशी शंभर वर्षांनी पुन्हा पेटली.

एवढे वाचून हाबरचे कारखाने आता बंद पडतील असे कोणी समजू नये. आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला. एक किलो अमोनिया म्हणजे ५८.७ मोल. प्रत्येकास पाच इलेक्ट्रॉन, म्हणजे सुमारे दोन कोटी त्र्याऐंशी लाख कूलंब. घरातील इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या घेतल्या तर अशा बावन्न बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या कराव्या लागतील. विद्युतघटाला अडीच व्होल्ट लागतात असे धरल्यास आणि एकही इलेक्ट्रॉन वाया जात नाही असे मानल्यासही वीस युनिटच्या जवळपास वीज लागते. नायट्रेटपासून केल्यास साडेएकतीस युनिट. हाबर-बॉश कारखान्यात एका किलोस आठ ते दहा युनिट एवढ्या ऊर्जेचा नैसर्गिक वायू पुरतो. शिवाय ही वीज कोळशाची असेल तर ती करतानाच नवा धूर आणि नवी ऑक्साइडे निघणार. सौर किंवा पवन वीज असेल तरच या उद्योगाला अर्थ आहे.

दुसरी अडचण पातळपणाची. बॉयलरच्या धुरात नत्राची ऑक्साइडे दहा लाख भागांत काही शे भाग एवढीच असतात. बाकी सारे नत्र, कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उरलेला प्राणवायू. हा प्राणवायू इलेक्ट्रॉनांचा मोठा भोक्ता. तो पंगतीत आधी बसतो. गंधकाचा धूर उत्प्रेरकाला निकामी करतो. आणि नायट्रिक ऑक्साइड पाण्यात विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. शुद्ध वायू सोडला तरी एका लिटरमध्ये सुमारे ०.०६ ग्रॅम. संशोधक यावर उपाय करीत आहेत : नायट्रिक ऑक्साइडला धरून ठेवणारी लोहयुक्त द्रावणे, किंवा एका बाजूने वायू व दुसऱ्या बाजूने द्रावण लागेल असे सच्छिद्र ऋणाग्र. परंतु शुद्ध वायूवरील ९३ टक्के आणि खऱ्या चिमणीवरील कामगिरी यांत मोठे अंतर आहे, हे वृत्तपत्रांतील मथळे वाचताना लक्षात ठेवावे.

मग हे तंत्र शोभावे कोठे? आमच्या मते जेथे ऑक्साइडे दाट असतात आणि माणूस त्यांच्या अगदी जवळ उभा असतो तेथे. असे एक ठिकाण मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचे आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या भागातील हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळण्याचा गलाई व्यवसाय करीत आली असून देशातील कितीतरी शहरांत त्यांची दुकाने आहेत. बँकेत सोने तारण कर्जाच्या खिडकीवर जो दागिना आपण तपासतो त्याचे सोने कधी ना कधी अशा भट्टीतून गेलेले असते. सोने शुद्ध करताना त्यात चांदी मिसळून ते नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात, उकळतात. चांदी व तांबे विरघळते, सोने खाली राहते आणि वर तांबूस धूर उठतो. तो हाच नायट्रोजन डायऑक्साइड. याचा धोका लबाड आहे. धूर घेतल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते; आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून असा धूर छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी लगेच दवाखान्यात न्यावे आणि काय हुंगले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

येथला हिशेबही मांडून पाहू. एक किलो चांदी तीव्र आम्लात विरघळली तर कागदोपत्री सुमारे ४२५ ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो. तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात जिरवला तर निम्मा नायट्राइट आणि निम्मा नायट्रेट होतो. या द्रावणाचे तांब्याच्या ऋणाग्रावर क्षपण केले आणि निघणारा अमोनिया गंधकाम्लात धरला, तर सर्व काही मनासारखे झाल्यास १५८ ग्रॅम अमोनिया, म्हणजेच सहाशे ग्रॅमच्या आसपास अमोनियम सल्फेट हे खत मिळेल. विजेचा खर्च साडेचार ते साडेपाच युनिट. खताची किंमत दहा-पंधरा रुपये, विजेची त्याच्या तीन-चार पट. कॉस्टिक सोडा आणि गंधकाम्ल यांचे पैसे वेगळेच. नुसत्या खताच्या विक्रीवर हा धंदा तोट्यात जाईल. परंतु या खतावणीत एक पान गाळलेले आहे : भट्टीपुढे बसणाऱ्या कारागिराचे फुप्फुस आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांची हवा. आज तो खर्च होतच आहे, फक्त दुकानाच्या वहीत तो लिहिला जात नाही. धूर जिरवणारी सोड्याच्या पाण्याची टाकी तर आजही बसवता येते. तिला विद्युत-उत्प्रेरणासाठी थांबण्याचे कारण नाही. मात्र टाकीतील ते पाणी गटारात सोडले की नायट्रेट भूजलात जाणार. त्या पाण्याचे काय करावे, याचे उत्तर तांब्याच्या पट्टीजवळ आहे.

विद्यार्थी मित्रहो, बारावीच्या रसायनशास्त्रात विद्युत रसायनशास्त्र हा धडा आहे. गणिते असल्यामुळे तो टाळण्याकडे कल असतो. तो टाळू नये. फॅरडेच्या नियमांवरील जी उदाहरणे तेथे आहेत त्यांहून अवघड असे या लेखातील हिशेबात काहीही नाही. पुढे या विषयात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी पुण्यात १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, नागपुरात पर्यावरणाचे काम करणारी नीरी आहे, मुंबईत माटुंग्याला रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे (जुनी मंडळी तिला अजून यूडीसीटी म्हणतात), आणि केवळ विद्युत रसायनशास्त्रालाच वाहिलेली केंद्रीय संस्था तामिळनाडूत कारैकुडी येथे आहे. बी.एस्सी. नंतर एम.एस्सी.साठी जॅम आणि अभियांत्रिकीनंतर गेट या परीक्षा द्याव्या लागतात. ज्यांना त्यांचे जुने प्रश्नसंच हवे असतील त्यांनी अभ्यासिकेच्या वेळेत आपली नावे नोंदवावीत. संच जमा करण्याचे काम आम्ही अंगावर घेतले आहे.